दोनशे चाळीस स्प्रिंगा

थोरला भाऊ जाऊन तीन वर्षं झाली, तरी धाकटा हा धाकटाच राहिला. वय चव्वेचाळीस, कानाशी पांढरे केस, घरात कॉलेजात जाणारी मुलगी. पण बाजारात त्याला त्याच नावाने ओळखायचे. तशीच त्याची वहिनी. ती त्याची वहिनी होती, पण पिंप घेऊन येणाऱ्या ॲसिडवाल्यापासून समोरच्या चष्मेवाल्यापर्यंत सगळा रस्ता तिला वहिनीच म्हणायचा. दीर-भावजय मिळून निकेल प्लेटिंगचा कारखाना चालवत. कारखाना म्हणायचा इतकंच. पत्र्याच्या छपराखाली एकामागे एक तीन खोल्या होत्या. पहिल्या खोलीत घासायची बफची चाकं, दुसरीत टाक्या, तिसरीत भट्टी आणि माल बांधायचं टेबल.

टाक्या दोन होत्या. दोन्हींत तेच हिरवंगार कोमट पाणी, त्यात निकेलचे तुकडे भरलेल्या कापडी पिशव्या, वर तांब्याच्या दांड्या आणि दांड्यांना टांगलेला माल. पण एका टाकीत चमक आणणारं औषध पडायचं, दुसरीत नाही. पहिलीतून वस्तू आरशासारखी निघे. नळ, दरवाज्याच्या मुठी, दिव्यांचे खांब, शर्यतींचे चषक, बँडवाल्यांचे कर्णे, जुन्या गाड्यांचे बंपर हे सगळं तिच्यात. ही चमकीची टाकी धाकट्याची. चमकेत त्याचा हात धरणारा त्या बाजारात कोणी नव्हता. खरं कौशल्य टाकीत नसून घासण्यात आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोणी खडबडीत, ओरखडे पडलेली वस्तू आणून “चकाचक करून द्या” म्हणालं की तो म्हणे, “साहेब, निकेल म्हणजे रजई नव्हे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं? आधी घासू द्या.”

दुसरीला वहिनी ‘मुकी टाकी’ म्हणायची. तिच्यातून माल जुन्या नाण्यासारखा करडा, मंद निघे. तो कोणाला दाखवायचा नसायचाच. पंपाचे झिजलेले दांडे त्या टाकीत दोन-दोन दिवस टांगून जाड करायचे आणि मग लेथवर मापाला आणायचे. प्लास्टिकवाल्यांचे साचे गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर थर द्यायचा. यंत्रांच्या पोटात बसणारे सुटे भाग करायचे. हे काम वहिनीने आणलं होतं. नवरा गेला तेव्हा ती शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. ती नोकरी सोडून त्याच्या स्टुलावर येऊन बसली आणि सहा महिन्यांत टाकीच्या पाण्याची चव सोडून बाकी सगळं तिला कळायला लागलं, असं धाकटा कौतुकाने सांगायचा. मुक्या टाकीचं काम मात्र तो करायचा म्हणून करायचा. जे कोणी बघणार नाही त्यात त्याचा जीव रमत नसे.

स्प्रिंगा मुक्या टाकीच्या. एक स्ट्रेचर बनवणारा होता. घडीची, चाकांची, रुग्णवाहिकेत सरकवायची स्ट्रेचरं तो करायचा. स्ट्रेचर उभं केलं की पायांना एक खटका बसतो, आणि तो खटका जागेवर धरून ठेवायला प्रत्येक बाजूला बोटाएवढी एक स्प्रिंग असते. स्प्रिंगा एक म्हातारा स्प्रिंगवाला वळून द्यायचा आणि गंज चढू नये म्हणून त्यांच्यावर निकेल इथे चढायचं.

कडक पोलादाचं एक दुखणं असतं. ॲसिडमध्ये धुताना आणि टाकीत वीज सोडल्यावर त्याच्या अंगात हायड्रोजन शिरतो. तो दिसत नाही, त्याचा वास येत नाही, वजनही कळत नाही. पण तो आत राहिला तर पोलाद काचेसारखं होतं. ताण दिला की आज ना उद्या, काही न सांगता मोडतं. उपाय सोपा आहे. टाकीतून काढल्यावर दोन-तीन तासांच्या आत माल भट्टीत घालायचा आणि दोनशे डिग्रीवर आठ तास ठेवायचा. थोरल्याने हे पाळलं, वहिनीने त्याला तक्ता जोडला. माल किती वाजता आत गेला, दर तासाला पारा किती होता, बाहेर कधी आला, सगळं लिहायचं आणि खाली सही करायची.

त्या आठवड्यात वहिनीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती चार दिवस गेली होती. तिसऱ्या दिवशी स्ट्रेचरवाल्याच्या अडीचशे स्प्रिंगा होत्या. दोनशे चाळीस त्याच्या आणि दहा नमुन्याच्या. नमुने काचेच्या बरणीत ठेवून द्यायचे, हाही वहिनीचाच नियम. धाकट्याने सकाळी साडेसहाला काम सुरू केलं, नऊच्या ठोक्याला माल भट्टीत घातला आणि चमकीच्या टाकीकडे वळला. साडेदहाला तो पारा बघायला गेला तर भट्टीचं दार हाताला कोमट लागलं. आतली कॉइल जळाली होती.

वायरमन बारा वाजता आला, आत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, “कॉइल उद्या मिळेल. आज देव आला तरी भट्टी तापायची नाही.”

“दुसरीकडे कुठे भट्टी?”

“बेकरीत विचारा,” वायरमन हसला आणि गेला.

करायला हवं होतं ते धाकट्याला माहीत होतं. स्ट्रेचरवाल्याला फोन करून सांगायचं की हा माल बाद, नवीन स्प्रिंगा द्या, आठवडा लागेल. पण स्ट्रेचरवाल्याचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. साडेपाचला त्याची गाडी येणार होती, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे माल तपासायला माणसं येणार होती. धाकट्याने एक स्प्रिंग उचलून उजेडात धरली. थर एकसारखा, कुठे डाग नाही, फोड नाही. दोन्ही टोकं धरून ताणली, सोडली. झटकन मिटली. दुसरी ताणली, तिसरी ताणली. दीड तास तर भाजल्यात, त्याने मनाशी म्हटलं. थोडासा राहिला असेल तर राहिला.

गाडी साडेपाचला आली आणि माल गेला. त्यानंतर त्याने तक्ता पुढे ओढला. नऊ ते पाच, आठ रकाने. सगळीकडे दोनशे लिहिलं तर खोटं वाटेल म्हणून दुपारी दोनच्या रकान्यात त्याने एकशे अठ्ठ्याण्णव लिहिलं. खाली सही केली.

वहिनी परत आली तेव्हा नवी कॉइल बसली होती. तो म्हणाला, “कॉइल जळाली होती. माल काढला आणि मग गेली.”

“नशीब,” वहिनी म्हणाली आणि आईच्या गुडघ्याबद्दल सांगायला लागली.

तीन आठवड्यांनी स्ट्रेचरवाला आला. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीतून त्याने मोडलेली स्प्रिंग काढून टेबलावर ठेवली. टोकाच्या आकड्यापाशी दोन तुकडे झाले होते.

“त्या म्हाताऱ्याला आता दिसत नाही,” तो म्हणाला. “भंगारातलं पोलाद वापरतोय. रुग्णवाहिकेच्या दारातच स्ट्रेचरचे पाय मिटले. वर पेशंट.”

“पेशंटला लागलं?” धाकट्याने विचारलं.

“पेशंटला काही नाही. मदतनीस बाईने स्ट्रेचर सोडलं नाही, तिची दोन बोटं सापडली पायांत. मी म्हाताऱ्याचं काम बंद केलं. तुम्हाला फक्त विचारायला आलो, तुमच्या बाजूने सगळं नीट आहे ना?”

वहिनीने भिंग काढून मोडलेली जागा बघितली. मोडलेलं टोक ताणलेलं नव्हतं की वाकलेलंही नव्हतं. साखरेचा खडा फुटावा तसं दाणेदार तुटलं होतं. तिने उठून तक्त्यांची फाइल काढली, त्या तारखेचं पान उघडलं आणि स्ट्रेचरवाल्यापुढे ठेवलं.

“नऊ ते पाच. आठ तास,” ती म्हणाली. “आणि हे बघा, दोन वाजता एकशे अठ्ठ्याण्णव. दोन डिग्री कमी झाले तेही आमच्या भाऊजींनी लिहून ठेवलंय. एवढं कोण लिहितं?”

स्ट्रेचरवाल्याने मान डोलावली. धाकटा बफच्या खोलीत गेला आणि घासलेलाच नळ पुन्हा घासत बसला.

पण तुटलेली जागा वहिनीच्या मनातून जाईना. संध्याकाळी तिने बरणीतल्या दहा स्प्रिंगा काढल्या. एका फळीवर समोरासमोर खिळे ठोकले आणि प्रत्येक स्प्रिंग ताणून दोन खिळ्यांत अडकवली. सकाळी ती कुलूप उघडून आत गेली तेव्हा चार स्प्रिंगांचे तुकडे जमिनीवर पडले होते. ती बघत उभी असतानाच पाचवी मोडली. फार मोठा आवाज नाही. टिचकी वाजवावी तसा.

“भाऊजी, इकडे या,” तिने हाक मारली. “आपल्याकडेच काहीतरी चुकलंय.”

धाकटा हातातला नळ ठेवून आला. आता ती विचारेल, आपण सांगू, असं त्याने ठरवलंसुद्धा. पण वहिनीने त्याला काही विचारलंच नाही. ती म्हणाली, “पारा दाखवणारं यंत्र खोटं बोलत असणार. भट्टी दोनशे दाखवते आणि आत दीडशेच असेल.”

तिने ओळखीच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर मागून आणला. दिवसभर भट्टी रिकामी चालवून दर अर्ध्या तासाला ती दोन्ही आकडे लिहीत बसली. भट्टी बरोबर निघाली. मग तिने ॲसिडवर संशय घेतला, बाटली घेऊन तपासून आणली. ॲसिड बरोबर. मग टाकीचं पाणी. तेही बरोबर. दुसऱ्या दिवशी तिने म्हाताऱ्या स्प्रिंगवाल्याला बोलावलं. तो त्याच तारेच्या, निकेल न चढवलेल्या सहा स्प्रिंगा घेऊन आला. त्या फळीवर ताणून लावल्या. एकही मोडली नाही. म्हातारा स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत राहिला.

“पोलादात खोट नाही,” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं. पण माणसाला आपल्या वयाचा भरवसा वाटत नाही हो, वहिनी. तीन दिवस झाले, ऑर्डर गेली हे मी घरी सांगितलेलं नाही.”

“तुमचं काही चुकलेलं नाही,” वहिनी म्हणाली. “माझं काय चुकलं ते शोधतेय.”

माझं, असं ती म्हणाली. धाकटा शेजारीच उभा होता. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना हसत ऐकवलं होतं. वहिनी एकेक गोष्ट तपासत होती. यंत्र, ॲसिड, पाणी, स्वतःची रीत. तपासायच्या यादीत फक्त तो नव्हता. ती आपल्यावर संशय घेत नाही हे त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तरी तो त्या दिवशी बोलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एक मन म्हणत होतं. आणखी दोन दिवसांनी ती दमेल, कारण सापडलं नाही म्हणून सोडून देईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कागद घेऊन बसली. काय लिहिता म्हणून त्याने विचारलं.

“स्ट्रेचरवाल्यांना पत्र. माल ॲसिडमध्ये किती वेळ बुडवायचा ते मीच ठरवलंय. तेच जास्त होत असणार, दुसरं काही उरलं नाही. माझ्या पद्धतीत दोष आहे, सगळा माल परत पाठवा, असं लिहितेय.” तिने मान वर न करता विचारलं, “दोष आढळला की आढळून आला?”

“वहिनी, लिहू नका.”

“का?”

“त्या दिवशी कॉइल माल काढल्यावर नाही गेली. आधी गेली.”

वहिनीने पेन खाली ठेवलं. “किती वाजता?”

“साडेदहा. म्हणजे साडेदहाला मी बघितलं.”

“मग तक्ता?”

“मी भरला. नंतर.”

“एकशे अठ्ठ्याण्णव?”

“तेही मीच.”

बफचं चाक बंद करायचं राहिलं होतं, ते पलीकडे रिकामं फिरत होतं. वहिनी उठली, जाऊन ते बंद केलं आणि परत येऊन बसली. तिने अर्धवट लिहिलेला कागद चार घड्या करून खिशात घातला.

“फोन करा,” ती म्हणाली.

“मी?”

“मग कोण? अक्षर कोणाचं आहे त्या तक्त्यावर?”

“वहिनी, ऐका जरा,” धाकटा घाईने बोलायला लागला. “हात दाखवून अवलक्षण कशाला? माल परत मागवू, सगळ्या स्प्रिंगा बदलून देऊ. कारण काय ते सांगायलाच हवं का? पाण्यात बिघाड झाला म्हणू. आपलं नाव जाईल. दादाचं नाव जाईल.”

“आणि त्या म्हाताऱ्याचं नाव? ते गेलंय आधीच,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी त्या माणसापुढे तुमचा तक्ता ठेवला, भाऊजी. बोट ठेवून दाखवला.”

त्याने फोन केला. स्ट्रेचरवाल्याने आधी ऐकून घेतलं, मग तोंडाला येईल ते बोलला. धाकट्याने फोन कानापासून लांब धरला नाही. बोलून झाल्यावर स्ट्रेचरवाला एकदम थंड पडला आणि मोजायला लागला. दोनशे चाळीस स्प्रिंगा म्हणजे एकशे वीस स्ट्रेचरं. एकाहत्तर अजून गोदामात. एकोणपन्नास बाहेर गेलेली, अकरा ठिकाणी. त्या सगळ्यांना तो लगेच कळवणार होता, वापरू नका म्हणून. नव्या स्प्रिंगा दोन दिवसांत हव्या होत्या.

म्हणजे म्हाताऱ्याकडे जाणं आलं. वहिनी म्हणाली, “तुम्ही एकटेच जा.”

स्प्रिंगवाल्याची जागा एका जिन्याखाली होती. तो लेथवर तार वळत होता. धाकट्याने उभ्याउभ्याच सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकताना हात थांबवला नाही. चालू स्प्रिंग पूर्ण वळली, टोक कापलं, आकडा वाकवला आणि ती डब्यात टाकली.

“तुझा भाऊ असता तर त्याने तुझ्या कानाखाली काढली असती,” तो म्हणाला. “मी कोण काढणार? किती हव्यात?”

“आधी शंभर. मग बाकीच्या.”

“उद्या सकाळी ये. आणि स्ट्रेचरवाल्याला सांग, ऑर्डर कोणामुळे बंद केली होती ते त्याने मला स्वतः येऊन सांगायचं. फोनवर नाही.”

स्ट्रेचरवाला म्हाताऱ्याकडे जाऊन आला, हे धाकट्याला नंतर कळलं. दोघांत काय बोलणं झालं ते मात्र कोणी सांगितलं नाही.

शंभर स्प्रिंगा मुक्या टाकीतून निघाल्या, भट्टीत गेल्या. आठही तास वहिनी भट्टीपुढे खुर्ची टाकून बसली. तक्ता तिने भरला. धाकटा समोर टेबलावर डबे पुसत होता. मध्ये एकदा त्याने चहा आणून तिच्यासमोर ठेवला, तो तिने घेतला.

मग तीन दिवस तो स्ट्रेचरवाल्याच्या व्हॅनमधून फिरला. दवाखाने, दोन मैदानं, एक वृद्धाश्रम, एक सूतगिरणी. प्रत्येक ठिकाणी स्ट्रेचर उलटं करायचं, पक्कडीने जुनी स्प्रिंग काढायची, नवी लावायची, खटका वीस वेळा उघडझाप करायचा. जुन्या स्प्रिंगा तो मोजून पिशवीत टाकायचा. काही जागच्या जागी मोडलेल्या सापडल्या. सुदैवाने ती स्ट्रेचरं भिंतीशी उभी होती. लोक विचारत, काय झालं? पहिल्या दिवशी स्ट्रेचरवाला “किरकोळ बदल” म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तो धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाला, “यांना विचारा,” आणि तेव्हापासून धाकटाच सांगायला लागला. तेच ते सांगून सांगून वाक्यं गुळगुळीत झाली होती, पण प्रत्येक वेळी कान तापायचे.

अग्निशमन केंद्रात निरोप पोहोचलाच नव्हता. स्ट्रेचर कामावर गेलं होतं. दोघं दारात सव्वा तास उभे राहिले. स्ट्रेचरवाला इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. गाडी आली, स्ट्रेचर रिकामं उतरलं. धाकट्याने डाव्या बाजूच्या स्प्रिंगेला पक्कड लावली तोच ती टिचकन मोडली आणि तुकडा त्याच्या मनगटाला लागून उडाला.

“एवढी नाजूक?” गाडीतला जवान हसून म्हणाला. “आत्ताच शंभर किलोच्या माणसाला तीन मजले उतरवून आणलंय हिच्यावर.”

धाकटा वाकून उडालेला तुकडा शोधत राहिला. स्ट्रेचरवाल्याने पहिल्यांदा त्याच्यासाठी पाणी मागवलं.

शेवटचं ठिकाण म्हणजे जिथे स्प्रिंग मोडली होती ती रुग्णवाहिकांची चौकी. तिथली स्ट्रेचरं बदलून झाल्यावर धाकट्याने विचारलं, “त्या बाई आहेत का?”

ती आतल्या खोलीत टेबलाशी बसून फॉर्म भरत होती. पस्तिशीची असेल. डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत होती. धाकट्याने आपण कोण ते सांगितलं आणि मग बाकीचं सांगितलं. भट्टी, कॉइल, तक्ता, सगळं. तिने मध्ये एकदाच विचारलं, “म्हणजे दिसायला चांगली होती?”

“एकदम चांगली. तुम्ही कितीही निरखून बघितली असती तरी कळलं नसतं.”

तिने पेनाला टोपण लावलं.

“मी खटका लावला होता,” ती म्हणाली. “आवाज ऐकला होता मी. पण सगळे म्हणाले, बाई, तू लावलाच नसशील, घाईत राहून जातं. वरिष्ठांनी मेमो दिला. ड्रायव्हर म्हणाला, होतं असं. रोज तेच ऐकून मलाही वाटायला लागलं की नसेलच लावला. गाडीवरून काढून इथे बसवलंय मला, ते हातामुळे नाही. मेमोमुळे.”

धाकटा म्हणाला, “तुम्ही लावला होता.”

“ते तुम्ही इथे मला सांगून काय उपयोग?” तिने टेबलावरचा कोरा फॉर्म उलटा करून त्याच्याकडे सरकवला. “लिहून द्या.”

त्याने लिहिलं. स्प्रिंगांची तारीख, भट्टी किती वाजता बंद पडली, तक्ता कोणी आणि कधी भरला, स्प्रिंग कशामुळे मोडली. ‘सदर घटनेत मदतनीस बाईंची चूक नाही’ हे वाक्य तिने सांगितलं तसं घातलं. सही केली, खाली कारखान्याचा पत्ता लिहिला. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला.

“‘खोटा तक्ता’ असं स्पष्ट लिहा,” ती म्हणाली. “‘चुकीचा’ म्हणजे चुकून झाला असं वाटतं.”

त्याने चुकीचा खोडून खोटा लिहिलं आणि खोडल्याजागी पुन्हा सही केली. ती कागद घेऊन सरळ वरिष्ठांच्या खोलीकडे गेली. धाकटा बाकावर बसून राहिला, मग स्ट्रेचरवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा उठला.

परतताना व्हॅनमध्ये स्ट्रेचरवाला म्हणाला, “माझं काम आता तुमच्याकडे येणार नाही. राग म्हणून नाही. मला प्रत्येक वेळी तुमचा तक्ता बघून झोप लागायची नाही.”

“खरं आहे,” धाकटा म्हणाला.

तो शब्द स्ट्रेचरवाल्याने पाळला. बातमीही पसरली, कारण ती त्यांनीच अकरा ठिकाणी सांगितली होती. साचेवाल्यांपैकी एक गेला, पंपवाले राहिले. नळ, मुठी, चषक येतच होते. त्यांना काही फरक पडला नाही. वहिनीने वाटणी मागितली नाही. धाकट्याच्या बायकोला ती भीती होती. तिने एकदा जावेला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा. वहिनी म्हणाली, “वेगळं होऊन मी काय करू? बफ मला येत नाही आणि भट्टी त्यांना.” मात्र मुक्या टाकीपाशी ती त्याला येऊ देत नसे. बोलणं कामापुरतं. गिऱ्हाइकांसमोर दोघं नेहमीसारखी वागत. गिऱ्हाईक गेलं की खोलीत फक्त चाकाचा आवाज. असे आठ महिने गेले.

मग एक दिवस म्हातारा स्प्रिंगवाला पिशवी घेऊन आला. पाण्याच्या पंपांच्या झडपांच्या स्प्रिंगा होत्या, कडक पोलादाच्या.

“भट्टी कोण बघतं?” त्याने विचारलं.

“मी,” वहिनी म्हणाली.

“आणि हा?”

“ते चमकीचं बघतात.”

म्हाताऱ्याने धाकट्याकडे बघितलं. “दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो,” तो म्हणाला. “तुम्ही अजून पोळलेल्या नाही, वहिनी. मला भट्टीपुढे पोळलेला माणूस हवा. तुम्ही चूक केलेलीच नाही, तुमचा काय भरवसा?”

वहिनीला हसू आलं. तिने ते आवरलं नाही, आणि इतक्या महिन्यांनी ती धाकट्याकडे बघून हसली की म्हाताऱ्याकडे, हे धाकट्याला नीट कळलं नाही.

“दोघं बसू,” ती म्हणाली. “दोन सह्या.”

दोन खुर्च्या टाकल्या. पहिले दोन तास अवघडच गेले. तिसऱ्या तासाला वहिनीने आईच्या दुसऱ्या गुडघ्याचा विषय काढला.

मदतनीस बाईचा मेमो त्या कागदामुळे तेव्हाच मागे घेतला गेला होता. चार महिन्यांनी ती पुन्हा गाडीवर चढली. एक बोट मात्र पुरतं वाकत नाही. धाकट्याला ती एकदा रस्त्यात भेटली. रुग्णवाहिका पेट्रोल भरायला थांबली होती आणि हा नळांचं खोकं घेऊन चालला होता. तिनेच हाक मारली.

“परत आणलेल्या स्प्रिंगांचं काय केलंत?” तिने विचारलं.

“वहिनीने सगळ्या फळीवर ताणून लावल्या. महिनाभर.”

“मोडल्या?”

“दोनशे चाळीसपैकी एकशे बारा. आधीच मोडलेल्या धरून.”

तिने मनात काहीतरी हिशेब केल्यासारखी मान हलवली. “बरं,” ती म्हणाली. ड्रायव्हरने झाकण लावलं, ती गाडीत चढली, आणि धाकटा खोकं दुसऱ्या खांद्यावर घेऊन पुढे गेला.